मर्डर, मर्दन आणि मुडदा

या आठवड्याचं पत्र नाशिकहून आलंय. लांबलचक आहे, कामापुरतं देते.

"काकू, मी घरून सबटायटलचं काम करते. सध्या एका इंग्रजी कोर्टकचेरीच्या मालिकेचं मराठी करतेय. त्यातले वकील उठता-बसता 'मर्डर' आणि 'मॅनस्लॉटर' म्हणतात. मी दोन्ही ठिकाणी 'खून' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते परत पाठवलं आणि 'मॅनस्लॉटर'च्या जागी स्वतःच 'नरसंहार' घातलं. अहो, एकच माणूस मेलाय त्यात! दुसरं भांडण घरातलं. सासरे पोलीस खात्यातून निवृत्त झालेत. माझ्या मागे उभं राहून स्क्रीन बघता बघता म्हणाले, 'मर्डर हा आपलाच शब्द. मर्दन. महिषासुरमर्दिनीतलं. इंग्रजांनी नेला.' नवरा फिस्सकन हसला. तेव्हापासून चार दिवस बापलेक एकमेकांना 'भाजी वाढ'सुद्धा माझ्यामार्फत सांगतायत. नवरा म्हणतो, तूच खरं काय ते सांग बाबांना. काय सांगू? आणि मालिकेत काय लिहू? — मधल्यामध्ये सापडलेली."

सूनबाई, आधी घरचं बघू. कामाची मुदत एकवेळ वाढवून मिळते.

तुमचे सासरे चुकलेत. पण तुमचा नवरा हसला तोही चुकलाच. 'इंग्रजी शब्दाचा आपल्याशी काय संबंध' असं समजून तो हसला असेल, तर खऱ्याच्या जास्त जवळ सासरेच आहेत. त्यांनी माणूस बरोबर पकडलाय, फक्त आडनाव चुकीचं लिहिलंय. 'मर्डर'चं नातं 'मर्दन'शी नाही, 'मृत'शी आहे. आणि ते नेल्या-आणल्याचं नातं नाही, रक्ताचं आहे. एका आजीची नातवंडं. एक इकडे वाढलं, एक उत्तरेच्या थंडीत.

हे नुसतं कानाला सारखं लागतं म्हणून म्हणत नाहीये. कानावर विश्वास ठेवला की 'मर्दन' होतं. तपासायची पद्धत सोपी आहे आणि तुमच्या सासऱ्यांना आवडेल, कारण ती ठसे जुळवण्यासारखीच आहे. 'दात' हा शब्द घ्या. इंग्रजीत टूथ. आपल्या 'द'च्या जागी तिकडे 'ट', आणि आपल्या 'त'च्या जागी तिकडे 'थ'. एकाच दातात दोन ठसे मिळाले. आता दुसरीकडे लावून बघा. दोन–टू, दहा–टेन. तीन–थ्री, तहान–थर्स्ट. जुना मूळचा 'त्' आपल्याकडे 'त' राहिला, इंग्रजी-जर्मनच्या पूर्वजांकडे त्याचा 'थ' झाला. हा नियम १८२२ मध्ये याकोब ग्रिम यांनी नीट मांडला. परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांतले थोरले, तेच.

म्हणजे 'मर्दन'चा भाऊ इंग्रजीत असलाच, तर त्याच्यात 'ट' हवा. आणि 'मृत'च्या भावात 'थ' हवा. पण 'मर्डर'मध्ये आहे 'ड'. इथे नवरा म्हणेल, "बघ, दोन्ही नाही."

त्याला सांगा, हा 'ड' मागाहून आलाय. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'मोर्थोर' असा होता, मधोमध 'थ' घेऊन. अर्थही निव्वळ खुनाचा नव्हता. घोर पाप, यातना, असंही त्यात यायचं. पुढे फ्रान्सकडचे नॉर्मन इंग्लंड जिंकून आले, त्यांच्या फ्रेंचमध्ये हाच शब्द 'ड' घेऊन वावरत होता (तोही मूळचा जर्मन कुळातूनच गेलेला), कायद्याची लॅटिन भाषा त्याला 'मुर्ड्रम' म्हणायची, आणि कोर्टाच्या तोंडचा 'ड' हळूहळू गावाच्या तोंडात बसला. तरी 'थ' सहजासहजी मेला नाही. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा संग्रह उघडला तर त्यात 'मर्थर' असं छापलेलं सापडतं, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत ते रूप इकडेतिकडे दिसत राहतं. गंमत अशी की 'फादर' आणि 'मदर' या शब्दांचा प्रवास नेमका उलटा झाला. जुन्या इंग्रजीत त्यांच्यात 'ड' होता, आता 'थ' आहे.

आणि हे सासऱ्यांच्या कानात हळूच सांगा. 'फादर' आपण देवनागरीत 'द' घालून लिहितो ना? त्याच न्यायाने ते जुनं 'मर्थर' आपण 'मर्दर' असं लिहिलं असतं. शेक्सपिअरच्या काळात ते लंडनला असते तर त्यांना 'मर्दन'च ऐकू आलं असतं. एवढ्यावर चहा तरी होईल.

आता त्यांच्या खात्यातलं. त्यांना विचारा, चौकीत काय म्हणायचे, "मुडदा पाडला" ना? हा 'मुडदा' फारसीतून आला. फारसीत मरण्याला 'मुर्दन', मेलेल्याला 'मुर्दा'. तीही त्याच आजीची नातवंडं. मोर्च्यातलं 'मुर्दाबाद' त्यातलंच, आणि कशाचंच काही न वाटणारा 'मुर्दाड' माणूसही. लॅटिनकडून 'मॉर्टेम' आलं, म्हणून 'पोस्टमॉर्टेम' त्याच घरचं. आपलं मरण, मृत्यू, अमर, अमृत तर आहेतच. गावाकडचं 'मढं' म्हणजे झिजलेला 'मृत'च. आणि आजी ज्याला दिवसातून दहा वेळा "मेल्या" म्हणते तोही. मर्डर झाला, मुडदा पोस्टमॉर्टेमला पाठवला, मृत्यूची नोंद केली. एका वाक्यात चार चुलत भावंडं, चार वाटांनी नाशकात येऊन पोचलेली. सासऱ्यांनी अशी वाक्यं आयुष्यभर लिहिली असतील.

हे झालं शब्दाचं कूळ. पण तुमच्या सबटायटलला कुळाचा उपयोग नाही, तिथे त्याचं वागणं बघावं लागतं. आणि हा शब्द फार वेगवेगळा वागलाय.

मुळात त्याचा जोर मारण्यावर नव्हता, लपवण्यावर होता. उत्तर युरोपच्या जुन्या टोळ्यांत माणूस मारला जाणं ही नेहमीची गोष्ट. चारचौघांत मारलं, कबूल केलं, की पुढे भरपाईचा हिशेब किंवा सूड. आइसलंडच्या जुन्या कायद्यात तर मारणाऱ्यानं जवळच्या वस्तीवर जाऊन 'मी मारलं' असं जाहीर करायचं, असं बंधन होतं. जो हे दडवायचा, त्याचं कृत्य ते 'मोर्थ'. नीच ठरायचं ते कृत्य, कारण सूड कुणावर घ्यायचा हेच कळत नाही.

मग १०६६ साल. विल्यम इंग्लंड जिंकतो. मूठभर नॉर्मन, भोवती चिडलेले इंग्रज. रानात, ओढ्याच्या काठी एखादा नॉर्मन मरून पडलेला सापडायचा आणि कुणी काही पाहिलेलं नसायचं. यावर त्यांनी उपाय काढला. मारणारा सापडला नाही, तर त्या भागातल्या सगळ्या गावांनी मिळून दंड भरायचा. पहिल्या हेन्रीच्या काळातल्या कायद्याच्या संकलनात आकडा आहे ४६ मार्क. ४० राजाला, ६ मेलेल्याच्या नातलगांना. मार्क म्हणजे पौंडाचा दोन तृतीयांश. या दंडाचं नाव मुर्ड्रम.

थोडक्यात, आज ज्या शब्दानं आपल्या अंगावर काटा येतो तो काही काळ पावतीवरचा शब्द होता.

यातली खरी मेख पुढे आहे. अनोळखी प्रेत सापडलं की ते नॉर्मनचंच आहे असं गृहीत धरायचं. दंड टाळायचा तर गावकऱ्यांनी सिद्ध करायचं की मेला तो आपल्यातला, इंग्रज होता. चौकशीला अधिकारी येणार, प्रेताचे नातलग पुढे करायचे, त्यांनी शपथेवर सांगायचं, हा आमच्या भावाचा, हा आमच्या बहिणीचा. त्या ओळख पटवण्याला 'इंग्लिशरी' म्हणत. माणूस आपला ठरला की मुर्ड्रम नाही, दंड नाही. डोळ्यांपुढे आणा: भाऊ मेलाय, आणि बहीण अधिकाऱ्यापुढे उभी राहून सांगतेय, हा फक्त आमचाच होता हो, कुणी मोठा नव्हता.

शंभरेक वर्षांत हे हास्यास्पद झालं. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७० च्या दशकात लिहून ठेवलंय की दोन्ही समाजांत इतकी लग्नं झालीत की स्वतंत्र माणसांत कोण इंग्रज आणि कोण नॉर्मन हे ओळखू येत नाही. पण दंडाचं उत्पन्न कोण सोडतो? कायदा गेला थेट १३४० मध्ये. दंड गेला, शब्द मात्र लोकांच्या तोंडात राहिला, आणि तो सगळ्यात वाईट प्रकारच्या मारण्याला चिकटला: आधी मनात धरून, टपून मारण्याला. १३९० च्या माफीच्या कायद्यात तो असा, पूर्वनियोजित द्वेषाच्या शेजारी बसलेला दिसतो. म्हणजे आधी प्रश्न होता 'लपवलं का', मग 'मेला कोण', आणि शेवटी 'मारणाऱ्याच्या मनात काय होतं'. तुमच्या मालिकेतले वकील त्या तिसऱ्या प्रश्नावर भांडतायत.

'मॅनस्लॉटर' वेगळा का झाला, तेही ऐका. तेव्हा पाद्र्यांना राजाच्या कोर्टात फाशी होत नसे. पाद्री कोण? ज्याला वाचता येतं तो. बायबलमधल्या ५१ व्या स्तोत्राच्या ओळी पुढे करायचे. वाचल्या तर गळ्यातला फास सुटायचा. वाचला म्हणून वाचला. ही कोटी मी केलेली नाही, ती मराठीनंच त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. अर्थात ती चार ओळींची लबाडी लोकांनी पाठ करून टाकली. १४८९ मध्ये नियम आला की पाद्री नसलेल्याला ही सवलत एकदाच, आणि खूण म्हणून अंगठ्यावर डाग. माणूस मारलेल्याला 'एम' अक्षराचा. मग सोळाव्या शतकातल्या कायद्यांनी ठरवून केलेल्या खुनाला ही सवलतच बंद केली. रागाच्या भरात, भांडणात मारलेल्याला ती चालू राहिली. एकाला फास, दुसऱ्याला डाग. दोघांना एका नावानं हाक मारणं परवडणारं नव्हतं, म्हणून दुसऱ्याकडे 'मॅनस्लॉटर' हा जुनाच शब्द गेला. त्यात 'स्लॉटर' आहे म्हणून तुमच्या तपासनिसांना कत्तलखाना आठवला, आणि त्यांनी 'नरसंहार' करून टाकला. ध चा मा करायलासुद्धा थोडी अक्कल लागते.

पण सूनबाई, तुम्हीही दोन्हीला 'खून' लिहायला नको होतं. मी स्वतः ही चूक केलीय. उमेदवारीच्या काळात एका दैनिकात कोर्टाच्या बातम्या लिहायचे. बांधावरच्या भांडणात एकानं दुसऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं, माणूस गेला. कोर्टानं शिक्षा दिली ती कलम ३०४ खाली, म्हणजे खुनाहून सौम्य गुन्ह्याखाली. मी मथळा दिला, 'खुनाबद्दल सक्तमजुरी'. दुसऱ्या दिवशी दुपारी आरोपीचा भाऊ कार्यालयात आला, चप्पल दाराबाहेर काढून. आवाज न चढवता म्हणाला, "ताई, माझ्या भावानं माणूस मारला, ते खरंय. पण खून नाही केला. जजसाहेबांनीपण तसंच लिहिलंय. तुम्ही वाचलं नाय का?" मी वाचलं नव्हतं. शेवटचं पान, शिक्षेचं, तेवढं वाचलं होतं.

भारतीय दंड संहितेच्या मराठी पाठात यासाठी नेमके शब्द आहेत. 'मर्डर'ला खून, 'कल्पेबल होमिसाइड'ला सदोष मनुष्यवध. १८६० च्या त्या संहितेनं 'मॅनस्लॉटर' हा शब्द घेतलाच नाही, म्हणून तुमच्या मालिकेतल्या शब्दाला मराठीत तंतोतंत जुळा भाऊ नाही. तरी भडकून, भांडणात, किंवा जीव घ्यायचा म्हणून नव्हे पण घातक मार मारून कुणी मेलं असेल, तर सदोष मनुष्यवध बिनधास्त लिहा. इंग्लंडमध्ये भयंकर हलगर्जीनं झालेला मृत्यूही मॅनस्लॉटरमध्ये धरतात. आपल्याकडे त्याचं कलम वेगळं आणि शिक्षा बरीच कमी. तुमच्या मालिकेत असा डॉक्टर किंवा ठेकेदार आरोपी असेल, तर आपल्या बातम्यांत असतं तसं 'निष्काळजीपणामुळे मृत्यूस कारणीभूत' लिहा, मनुष्यवध नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं आणि ३०४ चं १०५. सासऱ्यांच्या तोंडून मात्र '३०२' जाणार नाही, आणि जाऊही नये.

'सदोष मनुष्यवध' सबटायटलच्या ओळीत मावत नाही, ही तक्रार तुम्ही पत्राच्या शेवटी केलीय. आरोपपत्र वाचलं जातं तिथे एकदा पूर्ण येऊ द्या, मग नुसतं 'मनुष्यवध'. आणि आरोपी पिंजऱ्यात ओरडतो, "आय डिडंट मर्डर हिम!" तिथे, "मारलं मी, पण खून नाही केला!" त्या चप्पल काढून आलेल्या माणसाचं वाक्य आहे. उसनं देते.

फरक कुठे पडतो हे महाराष्ट्राला सांगायची खरं तर गरज नाही, आपल्याकडे नानावटी खटला झालाय. १९५९ मध्ये नौदलातल्या कमांडर नानावटींनी मुंबईत पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. त्यातला एक मोठा वाद हा की भानावर असताना मारलं की एकदम डोकं फिरून. ज्यूरीनं ८ विरुद्ध १ नं निर्दोष म्हटलं, उच्च न्यायालयानं ते उलटवलं, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खूनच ठरवला. घरून निघून, जहाजावर जाऊन, रिव्हॉल्वर घेऊन तिथे पोचेपर्यंत सुमारे ३ तास गेले होते, तेवढ्यात डोकं थंड व्हायला हवं होतं. घड्याळातल्या ३ तासांनी शब्द बदलला.

मराठीचे बाकीचे शब्द मात्र सांभाळून वापरा, प्रत्येकाची खोड वेगळी. 'खून' फारसीत रक्त. काय सांडलं ते सांगतो. 'हत्या' मेलेल्याचं नाव पुढे मागते, गोहत्या, भ्रूणहत्या, ब्रह्महत्या. मुर्ड्रमच्या दंडासारखी तिची नजर 'मेला कोण' याकडे. म्हणून राजकीय बळी गेला की वर्तमानपत्रं 'हत्या' लिहितात. 'वध' म्हटलं की मारणारा बरोबर होता: अफजलखानाचा वध, कीचकवध. म्हणूनच गांधीजींच्या बाबतीत 'वध' म्हणायचं की 'हत्या' यावर मराठी माणसं अजून भांडतात, आणि कोण कोणता शब्द वापरतो त्यावरून तो कुठे बसलाय ते कळतं. कायद्यातल्या 'मनुष्यवधा'त ती बाजू नाही, तेवढा अपवाद. भाडोत्री असेल तर 'मारेकरी'. शब्द आपला आणि जुना आहे, 'सुपारी किलर' कशाला?

पाचव्या भागातलं ते "दिस हीट इज मर्डर" तुम्ही 'ही उष्णता खून आहे' केलंय. पुसा. आपल्याकडे मरणाचं ऊन असतं, मरणाची गर्दी असते, अगदी मरणाचं काम असतं. आणि आठव्या भागात म्हातारी खिडकीतून बघत "अ मर्डर ऑफ क्रोज" म्हणते, तिथे कुणीही मेलेलं नाही. कावळ्यांच्या थव्याला इंग्रजीत गमतीनं तसं म्हणतात, १४८६ च्या एका इंग्रजी पुस्तकातल्या यादीत ते छापलेलं आहे. त्यांच्या कावळ्यांचा मर्डर होतो, आपल्या कावळ्यांची शाळा भरते. म्हातारीचा रोख अपशकुनाकडे असला तर साधं 'कावळे जमलेत' पुरे.

आता एक धोक्याची सूचना. 'मुडदा' आणि 'पोस्टमॉर्टेम' आपल्या कुळातले निघाले हे कळल्यावर सासरे दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्यातला 'मयत' घेऊन तुमच्यापुढे उभे राहतील. पाठोपाठ 'मौत'ही आणतील. दोन्हीत 'म' आहे, 'त' आहे, अर्थही मरणाचाच. पण हे अरबी आहेत, त्यांचं कूळ पूर्ण वेगळं, सारखेपणा योगायोगाचा. हे त्यांना तुम्ही सांगू नका. नवऱ्याला सांगायला लावा, आणि या वेळी न हसता.